जोडीचा टप

क्वार्ट्झसाइट, आरिझोना
१९ नोव्हेंबर १९९६

ती. मॅक्सीनताईस,
वेंडेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि अक्रोडांची पिशवी, दोन्ही पोचलं. पोस्टातल्या बाईने पिशवी हलवून आत दगड आहेत का विचारलं. माझ्या बहिणीने पाठवलीय, तेव्हा असतीलही, असं म्हणायचं मनात आलं होतं. पण म्हटलं नाही. सही करून निघून आलो.

पंधरा दिवसांपूर्वी इथे वाळवंटात येऊन टेकलो. आमची नेहमीची जागा रिकामी होती. ट्रेलर उभा केला, पाण्याची टाकी भरली, दारापुढे चटई अंथरली. नेल्डाशिवाय हे सगळं करायची ही पहिलीच वेळ. मी ट्रेलर मागे घेताना ती आरशात दिसेल अशी उभी राहून हात हलवायची. या खेपेला तीनदा पुढेमागे केलं आणि शेवटी तिरकाच लावला. टेबलावर पेन्सिल ठेवली की घरंगळते.

तुझ्याकडे कायमचा कधी येणार, असं विचारलंस. मागची खोली रंगवून ठेवल्याचंही वाचलं. ताई, मी येणार आहे. पण त्याआधीचा क्रम ठरलेला आहे. नेल्डाने दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात दोनच गोष्टी मागितल्या. तिची राख ओरेगनला पॅसिफिक समुद्रात सोडायची, आणि तिकडे जाताना पिकअपच्या हौद्यावर ट्रेलरला शोभेल असा टप, म्हणजे पत्र्याचं छत, बसवलेला हवा. त्या टपासाठी ती अकरा वर्षं माझ्यामागे लागली होती. ट्रेलर बासष्ट सालचा, ॲल्युमिनियमचा, घासून घासून आरसा केलेला. आणि त्याला ओढणारी पिकअप मागून उघडी, हौद्यातल्या सामानावर निळी ताडपत्री. वर कोट आणि खाली पायजमा घालून आपण देशभर हिंडतोय, असं ती म्हणायची.

पण तसा टप सहज मिळत नाही. त्याच काळातला हवा, कोपरे गोल हवेत, रिव्हेटांमधलं अंतर ट्रेलरवर आहे तेवढंच हवं, खिडकीही तशीच. या आठवड्यात दोन पाहिले. एकाचे कोपरे चौकोनी होते, दुसऱ्याला कुणा दिवट्याने पांढरा रंग फासला होता. तेव्हा आधी टप, मग समुद्र, मग तुझी मागची खोली. तोवर नेल्डा कपाटात आहे, तिच्या स्वेटरांच्या खणात. सकाळी कॉफी करताना मी कपाटाचं दार उघडं ठेवतो.

तुझी माया या अक्रोडांइतकी टणक आहे, ती तशीच राहू दे.

तुझा,
वेंडेल


ब्रोकन बो, नेब्रास्का
४ डिसेंबर १९९६

चि. वेंडेल यास,
अ. आ. वि. (आशीर्वाद जपून वापर, माझ्याकडे आता फार उरले नाहीत.)

इथे गुडघाभर बर्फ आहे. रविवारी चर्चच्या जेवणात घेवड्याची चिली आणि दालचिनीचे रोल होते. रोल माझ्याकडे होते, आणि नेहमीप्रमाणे एकही उरला नाही. घरी आले आणि रेडिओ लावला. माझा रॉय जाऊन नऊ वर्षं झाली, तरी जेवताना मी रेडिओच्या बाजूला तोंड करून बसते. हे तुला सांगितलं म्हणून काही बिघडत नाही.

पेन्सिल घरंगळते म्हणे! अरे, शेजारच्या माणसाला हाक मार, तो दोन मिनिटं मागे उभा राहील, की ट्रेलर सरळ. पण तू हाक मारणार नाहीस. आठव, सात वर्षांचा असताना तू गुरांच्या बाजारात हरवलास. बाबांना तीन तासांनी सापडलास, एका खांबाला टेकून उभा. भोवती शंभर माणसं होती, त्यातली निम्मी बाबांना ओळखणारी. तू एकालाही विचारलं नाहीस. त्याच खांबाला तू अजून टेकून उभा आहेस, असं मला कधी कधी वाटतं.

टपाची सगळी मापं लिहून पाठव. मी इथे चौकशी करते. तुला तोंड नसलं तरी मला आहे.

पाठदुखीवर शेक घे, आणि म्हातारीला विसरू नको.

तुझी ताई,
मॅक्सीन


क्वार्ट्झसाइट
८ जानेवारी १९९७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मापांचा कागद सोबत आहे. हौदा आठ फुटी आहे. बाकीचं आकृतीत बघ.

नाताळ गेला. शेजारी लॉयल म्हणून एक ट्रक चालवून निवृत्त झालेला गृहस्थ आहे, त्याने जेवायला बोलावलं होतं. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. दिवे घालवून बसलो, म्हणजे मी झोपलोय असं त्याला वाटावं. त्यांचं हसणं ऐकू येत होतं. नेल्डा असती तर आम्ही तिथे असतो, आणि ती बोलत असती, आणि मी तिच्या शेजारी बसून खात असतो. लोकांना वाटायचं आम्ही दोघंही गप्पिष्ट आहोत.

डिसेंबरात चार टप पाहिले. एकही धड नाही. लॉयलने नदीपलीकडच्या गावात एक शोधला आणि मला गाडीत घालून घेऊन गेला. कोपरे गोल होते, साल जुळत होतं. पण रिव्हेट एक अष्टमांश इंच दूर होते. मी नको म्हटलं. लॉयल माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि मग गाडी परत वळवली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. अकरा वर्षांत आम्ही एकोणचाळीस राज्यं पाहिली, पण समुद्र पाहिला नाही. नेल्डा दर वसंतात नकाशावर बोट ठेवायची आणि मी म्हणायचो, खारी हवा ॲल्युमिनियम खाते. एका आठवड्यात पांढरे डाग पडतील. ती बोट उचलायची. नेब्रास्कात जन्मलेली बाई, तिने समुद्र पाहिलाच नाही. चकाकी टिकली मात्र उत्तम.

थंडीत मागच्या दाराच्या पायऱ्यांवर जपून. लोभ कमी करू नयेस.

वेंडेल


ब्रोकन बो
२६ जानेवारी १९९७

चि. वेंडेल यास, आशीर्वाद. आणि घट्ट धरून बस.

तुझा टप सापडला.

हार्लन क्रेब्सच्या कुरणात आहे. आपल्या शाळेत होता तो लुई क्रेब्स, त्याचा हा मुलगा. वीस वर्षं तो टप कुंपणापाशी जमिनीवर पडून आहे आणि त्याखाली वासरं बसतात. मी त्या रस्त्याने हजार वेळा गेले असेन. काल ऊन होतं आणि बर्फातून एक गोल कोपरा चमकला. गाडी रस्त्यातच उभी केली. हार्लनला वाटलं मला झटका आला.

शिवणाची टेप घेऊन गुडघे टेकून मापं घेतली. एक वासरू माझी टोपी चावत होतं. लांबी आठ फूट. कोपरे गोल. खिडकी तुझ्या आकृतीबरहुकूम, काचही शाबूत. मापावर तू पुन्हा अविश्वास दाखवशील म्हणून रिव्हेटांच्या ओळीवर तपकिरी कागद ठेवला आणि पेन्सिलीने घासून ठसा उठवला. सोबत पाठवते आहे, चार फूट लांब. तुझ्या ट्रेलरला लावून बघ.

हार्लन म्हणतो, त्या बदल्यात वासरांना फळ्यांचा आडोसा बांधून दिला की झालं. तू अजून सुतारकाम विसरला नसशील. कधी निघतोस ते कळव. मागच्या खोलीत हीटर लावते.

तुझी,
मॅक्सीन


क्वार्ट्झसाइट
६ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ठसा मिळाला. तुझे कष्ट वाया जाऊ नयेत असं फार वाटतं. पण वासरांचं मूत ॲल्युमिनियमला फार वाईट. वीस वर्षांत पत्रा आतून चाळणी झाला असणार. बाहेरून कळत नाही. शिवाय एवढ्या बर्फात डोंगर ओलांडून यायचं म्हणजे ट्रेलरच्या टायरांचा भरवसा नाही. आणि ठशाचा कागद प्रवासात ओलसर होऊन थोडा ताणला गेला असेल, तर अंतर बरोबर कळायचं नाही. क्रेब्सला माझे आभार सांग. पुढच्या हिवाळ्यात बघू. इथल्या एका मासिकात जाहिरात दिली आहे.

इकडे दुपारी ऊन छान असतं. मी बरा आहे.

वेंडेल


ब्रोकन बो
१५ फेब्रुवारी १९९७

वेंडेल,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

मी हार्लनला घेऊन गेले, दोघांनी टप उलटा केला, आणि मी हातमोजा काढून आतला सगळा पत्रा चाचपला. एकही भोक नाही. कागद मी कोरडा पाठवला होता. तू तो ट्रेलरला लावून बघितलाच नाहीस, हे मला तुझ्या पत्रातल्या सबबींवरून कळतं.

तुला टप नकोच आहे. टप मिळाला तर निघावं लागेल, आणि निघालास तर नेल्डाला कपाटातून काढावं लागेल. लॉयलला हे दिसलं, मला दिसलं, फक्त तुला दिसत नाही. नाहीतर दिसतं आणि तू दिवे घालवून बसतोस. तिने आयुष्यभर तुझ्याकडे मागितलंच काय? एक पत्र्याचं टोपडं आणि एकदा समुद्र. जिवंतपणी दोन्ही दिलं नाहीस. आता मेल्यावरही अष्टमांश इंच आडवा घालतोस.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. जेवताना मी रेडिओशी बोलते. मला तुझ्याबद्दल वाईट वाटतं तसंच माझ्याबद्दलही वाटतं. तू यावंस असं मला वाटतं, पण तिला तिथे अडकवून ठेवून येणार असशील तर येऊ नकोस.

हे पत्र मी दोनदा फाडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं आहे. राग आला तर येऊ दे. राग येण्याइतका तरी लोभ असेल अशी आशा आहे.

मॅक्सीन


क्वार्ट्झसाइट
२९ मार्च १९९७

ती. ताईस,

सहा आठवडे लिहिलं नाही. राग आला होता. मग राग गेला तरी काय लिहावं ते सुचेना.

काल सकाळी तो कागद बाहेर काढला आणि ट्रेलरच्या अंगाला लावला. एका माणसाचं ते काम नव्हतं, वारा होता. लॉयलला हाक मारली. त्याने एक टोक धरलं, मी दुसरं. चार फुटांत अठ्ठावीस ठिपके होते आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रिव्हेटांवर बसले. लॉयलने विचारलं की आता काय. मला रडू आलं, आणि तो कागदाचं टोक न सोडता तसाच उभा राहिला.

येतो आहे. रस्ता मोकळा असेल तर आठवड्याभरात.

वेंडेल


ब्रोकन बो
१२ मे १९९७

चि. वेंडेल यास,
मॅक्सीनचे आशीर्वाद, आणि मागे लिहिलं त्यातले टोचणारे शब्द सोडून बाकी सगळं कायम.

हे पत्र न्यूपोर्टच्या पोस्टात तुझी वाट बघत पडून राहील. तू निघालास त्याला आज तीन दिवस झाले. हार्लनची वासरं नव्या आडोशाखाली जात नाहीत. जुन्या जागीच बसतात. घर फार शांत झालं आहे. महिनाभर अंगणात तुझं खरखर घासणं चालू होतं तेव्हा मी कटकट केली; आता तो आवाज नाही तर करमत नाही. माझ्या हाताच्या भेगांत अजून काळं पॉलिश आहे. तू पुढे घासायचास आणि मागून मी मैदा चोळून ती काळी साय पुसायची. हे नेल्डाचं काम आहे, असं तू सांगितलंस आणि मग अख्खी दुपार मान वर न करता घासत राहिलास. पण टप चढवल्यावर पिकअप आणि ट्रेलर एकापाठी एक उभे राहिले, तेव्हा मला खरंच वाटलं की एकाच आईची लेकरं आहेत.

आता एक सांगायचं आहे. ते टप चढेपर्यंत सांगायचं नाही, अशी नेल्डाने मला शपथ घातली होती.

तिच्या शेवटच्या नाताळाला तुम्ही इथे होता. तू बाहेर ट्रेलरच्या नळांना कांबळं गुंडाळत होतास. ती माझ्याबरोबर भांडी पुसत होती. डॉक्टरांनी तिला सांगून झालं होतं. मी म्हटलं, आता त्या टपाचं वेड सोड. ती म्हणाली की आधी तो तिला दिसायला हवा होता, पण आता कारण वेगळं आहे. म्हणाली, अकरा वर्षं बोलायचं सगळं काम मीच केलं. तो माझ्या आड उभा राहिला. मी गेले की हा माणूस कुणाशी एक शब्द बोलणार नाही. पण चकचकीत ट्रेलर आणि त्याला जुळणारी पिकअप अशी जोडी पेट्रोल पंपावर उभी राहिली की लोक चालत येतातच. कुठल्या सालचा, कुठे मिळाला, किती दिवस घासलात, असं विचारतात. त्याला स्वतःहून बोलता येत नाही; पण रिव्हेटांबद्दल विचारलं तर उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. म्हणाली, समुद्राचं मी सांगणारच आहे, पण तिथवर दीड हजार मैलांत पंप किती लागतात ते मोज.

तुला आधी सांगितलं असतं तर तू टप बसवलाच नसतास. ते तिला ठाऊक होतं, आणि मलाही.

समुद्राला माझा नमस्कार. मीही तो पाहिलेला नाही.

तुझी ताई,
मॅक्सीन


न्यूपोर्ट, ओरेगन
१ जून १९९७

ती. मॅक्सीनताईस,
वेंडेलचा शि. सा. न. वि. वि. या वेळी साष्टांगच घालतो, मला वाकायला हरकत नाही.

तुझं पत्र मिळालं तोवर मी दीड हजार मैल आणि अकरा पंप करून आलो होतो. नेल्डा म्हणाली तसंच झालं. वायोमिंगमध्ये पहिल्या पंपावर एक टोपीवाला म्हातारा आला आणि साल विचारू लागला. मी बासष्ट म्हटलं आणि काच वर केली. दुसऱ्या ठिकाणी काच वर करेपर्यंत तिघं जमले. आयडाहोत एक जोडपं फोटो काढत होतं. त्यातल्या बाईने विचारलं की तुमच्या मिसेस कुठे आहेत. माझ्या तोंडून गेलं की आत पडली आहे. खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. मग पुढच्या तीन पंपांवर तेच सांगितलं. एका बाईने तर तिच्यासाठी चेरी दिल्या. त्या मी गाडी चालवत एकट्याने खाल्ल्या, आणि स्वतःची लाज वाटली.

पोस्टाबाहेर पिकअपमध्ये बसून तुझं पत्र वाचलं. आधी तुम्हा दोघींचा राग आला. पाठीमागे कारस्थानं. मग कितीतरी वेळ गाडी सुरूच करता आली नाही. मी तिला अकरा वर्षं समुद्र दाखवला नाही, पत्र्याला डाग पडतील म्हणून. आणि ती त्याच पत्र्यावर माझ्यासाठी माणसं जमवायची सोय करत होती. ताई, हे मला तिच्यासमोर बसून ऐकायला हवं होतं. मी ऐकणारा माणूस असतो तर तिने सांगितलंही असतं.

त्यानंतर सहा दिवस काही केलं नाही. सातव्या दिवशी, पाणी ओसरायच्या वेळेला, राखेचा डबा घेऊन खाली गेलो. बूट काढायचं सुचलं नाही. वारा जमिनीकडून होता, त्यामुळे सगळं व्यवस्थित पाण्याकडे गेलं. फार वेळ लागत नाही त्याला. मोठ्याने रडलो. तिथे कुणी नव्हतं, आणि असतं तरी रडलो असतो.

वर आलो तर ट्रेलरपाशी एक बाई कुत्रं घेऊन उभी होती, पन्नाशीची असेल. टप आणि ट्रेलर एकाच कारखान्यातले का, असं तिने विचारलं. मी सांगितलं की वासरांखालून आणला. ती हसली आणि म्हणाली, तुमच्या बायकोला केवढा आनंद झाला असेल. तेव्हा मी म्हटलं, ती वारली. गेल्या वर्षी एप्रिलात. आत्ताच तिला खाली सोडून आलो.

असं मी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं. तुलाही फोनवर नर्सनेच सांगितलं होतं.

ती बाई पळून जाईल असं वाटलं होतं. ती पायरीवर बसली. नेल्डा कशी होती, असं विचारलं. मी सांगत गेलो. चहाच्या वेळेला तिचा नवरा तिला शोधत आला, तोही बसला. अंधार पडेपर्यंत मी बोलत होतो. घसा बसला. नेल्डाबद्दल मला इतकं माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

ट्रेलरच्या समुद्राकडच्या बाजूला पांढरे डाग पडले आहेत. बारीक आहेत, पण बोटाला लागतात. पुसले नाहीत.

उद्या सकाळी निघतो. तशी तीन दिवसांची वाट आहे, म्हणजे गुरुवारी पोचायला हवा. पण जेवणाला शनिवार धर. लोभ आहेच, उशीर झाला तर काळजी करू नकोस, वाटेत कुणाशी तरी बोलत असेन.

तुझा,
वेंडेल